रविवारचा बाजार आणि दहाची उपासना

आठवडे बाजार रविवारी भरणाऱ्या गावात चर्चची घंटा आणि बाजाराची लगबग एकाच वेळी सुरू होते. दहा वाजता पाळक (चर्चचे धर्मगुरू) व्यासपीठावर उभे राहतात, तेव्हा मंडळीतल्या, म्हणजे चर्चच्या सभासदांतल्या, कितीतरी बायका रस्त्याच्या कडेला मेथीच्या जुड्या मांडून बसलेल्या असतात. हजेरी घसरते, पंचकमिटीच्या (चर्चचा कारभार पाहणाऱ्या समितीच्या) बैठकीत 'लोकांचा विश्वास थंडावला' असे म्हटले जाते, उपास-प्रार्थना जाहीर होते आणि पुढच्या रविवारी बाके तशीच रिकामी राहतात. या प्रकरणातून आम्हाला जे म्हणायचे आहे ते थोडक्यात असे: विश्वास थंडावलेला नव्हता. घड्याळ चुकीच्या लोकांच्या सोयीने लावलेले होते.

पुढची मंडळी अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका बाजारगावातली आहे. गावाचे नाव दिलेले नाही, कारण खरे तर ते एकच गाव नाही. या पट्ट्यात पुन्हा पुन्हा दिसणारी परिस्थिती एका मंडळीच्या रूपात बांधली आहे. मंडळीचे आकडेही त्या बांधणीतलेच आहेत, हिशोब कसा मांडायचा हे दाखवण्यापुरते. कायदा आणि इतिहास यांचे तपशील मात्र जसेच्या तसे आहेत.

मंडळी आणि तिची वही

चर्च दगडी, मिशनच्या काळातले. आवार एकराच्या आसपास, आणि त्याची एक भिंत थेट बाजारतळाला लागून. मंडळी उत्तर भारतीय चर्चची, म्हणजे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्चसंस्था एकत्र येऊन झालेल्या संघातली. पाळक एकच, आणि त्यांच्याकडे या गावाशिवाय आणखी तीन वाड्या-वस्त्या. नोंदवहीत ८४ कुटुंबे. रविवारी दहाच्या उपासनेला साधारण ७० माणसे.

सत्तर हा आकडा वर्षानुवर्षे अहवालात जात होता आणि त्यातून काहीच कळत नव्हते. डोकी मोजली जात होती, घरे मोजली जात नव्हती. नव्या सचिवांनी चार रविवार वेगळी वही ठेवली. प्रत्येक कुटुंबाला एक ओळ आणि पुढे चार चौकोन. घरातले एक प्रौढ माणूस आले तरी खूण. वही दारात ठेवली नाही, कारण दारात वही दिसली की लोकांना हजेरी घेतल्यासारखे वाटते. उपासना संपल्यावर दोन वडीलजनांनी (मंडळीतल्या जबाबदार ज्येष्ठांनी) आठवून ती भरली.

मग कुटुंबांची कामे शेजारी लिहिली. पगारदार किंवा पेन्शनवाली १९, शेतमजुरी करणारी ४१, बाजारात माल विकणारी, हातगाडी किंवा टेम्पो चालवणारी १४, आणि पुण्या-मुंबईकडे गेलेली, नाव तेवढे उरलेली १०. चार रविवारांत पगारदारांच्या १९ पैकी १६ घरांतून कुणी ना कुणी आले होते. मजूर आणि बाजारवाल्यांच्या ५५ पैकी फक्त १७ घरांतून. पण बुधवारी रात्री वस्तीवर घरोघर फिरून होणाऱ्या प्रार्थनासभेला याच ५५ घरांतली तीसेक माणसे दर आठवड्याला असत आणि नाताळात तर चर्चमध्ये उभे राहायला जागा नसे. हे दोन आकडे शेजारी ठेवल्यावर 'विश्वास थंडावला' हे निदान टिकले नाही.

रविवार मजुरासाठी सुट्टीचा दिवस नाही, हे पंचकमिटीतल्या निवृत्त शिक्षकांना समजावून सांगावे लागले. आठवड्याची मजुरी बाजारच्या दिवशी हातात पडते. मुकादम किंवा मालक बाजारात भेटतो, तिथेच हिशोब होतो, तिथेच उधारी फिटते आणि आठवड्याचे तेल-मीठ-पीठ भरले जाते. हा दिवस चुकला तर घर आठवडाभर अडते. विकणाऱ्या बाईचे तर त्याहून कठीण. तिची जागा परंपरेने ठरलेली असते, पण साडेसात-आठपर्यंत पथारी पडली नाही तर बाहेरगावचा हातगाडीवाला तिथे उभा राहतो, आणि दुपारी त्याला उठवायला कुणी येत नाही.

दहाची वेळ आली कुठून

अमेरिकन मराठी मिशनचे अहमदनगरचे ठाणे १८३१ सालचे. १८७६-७८च्या दुष्काळानंतर आसपासच्या खेड्यांतली पुष्कळ कुटुंबे मंडळीत आली आणि गावोगाव शाळा, बोर्डिंग, दवाखाने उभे राहिले. मिशनच्या आवारात राहणारे शिक्षक, बायबलबाई (घरोघर बायबल शिकवणाऱ्या बाया), नर्स, बोर्डिंगची मुले, सगळ्यांचा रविवार मोकळा होता. सकाळी शब्बाथशाळा (मुलांचा रविवारचा धर्मशिक्षणाचा वर्ग), मग सावकाश अंघोळ-न्याहारी आणि दहाला उपासना, हा क्रम त्यांच्या दिनक्रमात नेमका बसत होता. गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यानंतर, १८९०मध्ये. शेतमजुराला आणि भाजीवालीला ती आजही नाही. मिशनचे पगार कधीच थांबले, वेळ तेवढी राहिली.

यावर ज्येष्ठांचा आक्षेप खरा आणि मनापासूनचा होता: प्रभूच्या दिवशी धंदा करणे हाच दोष आहे, मग त्या दोषाला सोयीची उपासना कशी द्यायची? त्याला उत्तर देणे पाळकांचे काम होते आणि त्यांनी ते टाळले नाही. सम्राट कॉन्स्टंटाइनने ३२१ साली रविवारच्या विश्रांतीचा हुकूम काढला, तेव्हा न्यायाधीश, शहरातले लोक आणि कारागीर यांना काम थांबवायला सांगितले, पण शेतीकाम करणाऱ्यांना मोकळीक ठेवली. त्याच्याही आधी, रविवार साधा कामाचा दिवस होता तेव्हा, बिथुनिया या रोमी प्रांताचा सुभेदार प्लिनी याने सम्राट ट्राजनला कळवले की ख्रिस्ती लोक ठरलेल्या दिवशी उजाडण्यापूर्वी जमतात आणि ख्रिस्ताला स्तोत्र गातात. बायबलमध्ये त्रोवस गावी प्रेषित पौल आठवड्याच्या पहिल्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला आणि खिडकीत बसलेला युतुख झोपेने खाली पडला, तीही काही दहाची उपासना नव्हती. दिवस परंपरेचा आहे, तास नाही. हे एकदा व्यासपीठावरून नीट सांगितल्यावर विरोध मावळला नाही, पण त्याचा सूर बदलला.

जे करून पाहिले आणि फसले

पहिला प्रयत्न ग्रामपंचायतीकडे अर्जाचा. बाजाराचा वार बदला, अशी विनंती. हा अर्ज करायलाच नको होता, असे आमचे मत आहे. आठवडे बाजार एकटा नसतो, त्याची साखळी असते. व्यापारी रविवारी इथे, सोमवारी पुढच्या गावी, मंगळवारी तिसऱ्या ठिकाणी असा फिरतो. एक वार हलवला तर चार गावांचे गणित बिघडते. बाजार फी वसूल करायचा ठेका आर्थिक वर्षासाठी लिलावाने दिलेला असतो, त्यामुळे मध्येच काही हलत नाही. शिवाय ८४ कुटुंबांसाठी अख्ख्या गावाचा वार बदला म्हणणे म्हणजे शेजाऱ्यांच्या मनात उगाच अढी निर्माण करणे. अर्ज दप्तरी दाखल झाला आणि चहाच्या टपरीवर महिनाभर चर्चेला विषय मिळाला.

दुसरा प्रयत्न कर्ण्याचा. उपासना बाजारात ऐकू जावी म्हणून भिंतीवर बाहेर तोंड करून दोन कर्णे लावले. बायका बसल्या जागी प्रवचन ऐकतील, ही कल्पना चांगल्या मनाने केलेली होती. प्रत्यक्षात भाव सांगणाऱ्याचा आवाज आणि प्रवचन एकमेकांत मिसळले, दोन्हीपैकी काहीच ऐकू येईना, आणि तिसऱ्या रविवारी तक्रार गेली. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे ध्वनिक्षेपकाला लेखी परवानगी लागते, ती घेतलेलीच नव्हती. कर्णे उतरवले गेले ते बरेच झाले. उपासना ही ऐकवण्याची गोष्ट नाही, तिच्यात उभे राहावे लागते.

तिसरा प्रयत्न संध्याकाळी साडेसहाच्या उपासनेचा. कागदावर हा सगळ्यात शहाणा वाटत होता. हजेरी पहिल्या रविवारी २३, मग १७, मग ९, आणि सातव्या आठवड्यात ६ माणसांवर ती बंद केली. कारणे नंतर विचारली तेव्हा कळली, आधी विचारली असती तर दीड महिना वाचला असता. दिवे लागणीच्या वेळी उरलेली भाजी मिळेल त्या भावाला काढली जाते, आणि दिवसाची शेवटची गर्दी तीच असते. वस्तीवर जाणारी शेवटची जीप सहाच्या सुमारास सुटते. आठवड्यातून एकदा घरी मटण शिजते ते याच संध्याकाळी, आणि चूल बाईलाच पेटवायची असते. पुरुषांच्या हातात पैसे असतात; काहींचे पाय त्या वेळी कुठे वळतात हे मंडळीतल्या प्रत्येक बाईला माहीत आहे. दिवसभर उन्हात बसून थकलेल्या माणसाकडून तासभर लक्ष मागणे हेही जास्तच होते.

पहाटेची उपासना

पुनरुत्थानदिनी (ईस्टरला) पहाटे चारला निघणाऱ्या फेरीला वस्तीवरची सगळी घरे असतात, तेही डोक्याला मफलर गुंडाळून, टाळ-ढोलकी घेऊन. पहाट या लोकांना परकी नव्हती. तिथूनच सव्वासहाची कल्पना आली. वेळ मागून मोजली: साडेसातला पथारी, त्याआधी घरून माल उचलून तळावर आणायला वीस-पंचवीस मिनिटे, म्हणजे सातला चर्चच्या बाहेर पडलेच पाहिजे. मग उपासनेला पंचेचाळीस मिनिटे उरतात, त्याहून एकही जास्त नाही.

सहा वाजून पाच मिनिटांनी घंटा, एकदाच. सव्वासहाला पहिले गीत, दोनच कडवी. मग स्तोत्र सगळ्यांनी मिळून, पापांगीकार आणि क्षमेचे वचन, सहा अठ्ठावीसपर्यंत एकच शास्त्रवाचन. प्रवचन दहा मिनिटे. दानार्पण आणि मध्यस्थीची प्रार्थना एकत्र, कारण अर्पणाची थैली फिरत असताना आजाऱ्यांची नावे घेता येतात. प्रभूची प्रार्थना, शेवटचे गीत, आशीर्वाद. सहा अठ्ठावन्नला दार उघडे.

फसते ते प्रवचनात. पाळक दहाच्या उपासनेसाठी तयार केलेले पंचवीस मिनिटांचे प्रवचन पहाटे 'थोडक्यात' सांगतात, आणि ते अठरा मिनिटांचे होते. छोटे प्रवचन म्हणजे मोठ्याचा तुकडा नव्हे. एकच वचन, एकच मुद्दा, आणि तो मुद्दा आज बाजारात उपयोगी पडेल असा. तागडीच्या खोट्या मापावर बायबलच्या नीतिसूत्रांत जे म्हटले आहे, त्याला दहा मिनिटे पुरतात. दुसरी गळती सूचनांची. वाढदिवस, सत्कार, शाल-श्रीफळ, वर्गणीची आठवण यांत पंधरा मिनिटे सहज जातात. पहाटेला एकही तोंडी सूचना नाही, हा ठराव पंचकमिटीने केला. सगळे दाराजवळच्या फळ्यावर खडूने. फक्त लग्नाच्या चिठ्ठ्या (ठरलेल्या लग्नांची जाहीर सूचना) दोन्ही उपासनांत वाचायच्या, कारण हरकत घेणारा कुठल्या उपासनेला येतो ते आधी कळत नाही.

पेटी वाजवणारे गुरुजी सव्वासहाला येऊ शकत नव्हते. पहिले तीन रविवार त्यांची वाट पाहण्यात पाच-सात मिनिटे गेली. मग वस्तीवरच्या भजनी मंडळाकडे गायन दिले. नारायण वामन टिळकांची अभंगाच्या चालीची भजने टाळ-मृदंगावर आपोआप बसतात, त्यांना पेटी लागत नाही, पुस्तकही लागत नाही. ज्यांना वाचता येत नाही त्यांना इतकी वर्षे दहाच्या उपासनेत तोंड मिटून का उभे राहावे लागत होते, हेही तेव्हा लक्षात आले. माइक मुद्दाम ठेवला नाही. साठ माणसांना त्याची गरज नसते.

हिवाळ्यात इथे सूर्य सातच्या सुमारास उगवतो. डिसेंबर-जानेवारीत सव्वासहाला मिट्ट काळोख आणि वस्तीच्या वाटेवर कुत्री. दोन म्हाताऱ्या बायका पडल्या तेव्हा फाटकापासून दारापर्यंत तीन दिवे लावले आणि तरुण संघाच्या चार मुलांना बॅटऱ्या घेऊन वाटेवर उभे केले. उपासना उशिरा करण्याचा विचार झाला आणि सोडून दिला, कारण बाजार हिवाळ्यात उशिरा भरत नाही.

प्रभुभोजनाचे गणित

महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी) असते, आणि पंचेचाळीस मिनिटांत ते बसवणे ही सगळ्यात अवघड गोष्ट ठरली. कठड्याशी गुडघे टेकून दहा-दहा जणांची पंगत घेतली, तर एका पंगतीला चार मिनिटे लागतात. साठ माणसांना सहा पंगती, म्हणजे चोवीस मिनिटे, आणि प्रवचन, प्रार्थना सगळे त्यापुढे उरलेल्या वेळात. पहिल्यांदा हे असेच केले आणि सुटायला सव्वासात झाले. चार बायका आशीर्वादाआधीच निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांतल्या एकीने 'अर्धे भोजन टाकून आले' म्हणून रडत पाळकीणबाईंना गाठले. ही चूक वेळापत्रकाची होती, पण भोगले तिने.

पुढच्या महिन्यापासून सगळे रांगेने उभ्याने येऊ लागले. भाकर पाळकांच्या हातून, दोन पावलांवर वडीलजन पेल्यांचे ताट धरून, आणि पुढे रिकाम्या पेल्यांची टोपली. माणशी आठ सेकंद, साठ जणांना आठ मिनिटे. ज्यांना गुडघे टेकायचेच आहेत त्यांच्यासाठी कठड्याची उजवी बाजू मोकळी ठेवली. त्या रविवारी प्रवचन नाही, फक्त शास्त्रवाचन. रस मनुकांचा: पाव किलो काळ्या मनुका कोमट लिटरभर पाण्यात सकाळी भिजत घालायच्या, संध्याकाळी मंद आचेवर पंधरा मिनिटे उकळून कुस्करायच्या आणि मलमलीच्या फडक्यातून गाळायच्या. दहा मिलिलिटरचा पेला धरला तर साठ जणांना सहाशे मिलिलिटर लागतो, लिटरात पुरून उरतो. एप्रिल-मेमध्ये रस रात्रभर बाहेर राहिला तर पहाटे फसफसलेला सापडतो, म्हणून गार झाला की शीतपेटीत. ताटे, पेले, फडकी शनिवारी रात्रीच मांडून झाकून ठेवायची. पहाटे साडेपाचला पेले विसळायला कुणी सापडत नाही.

भिंतीपलीकडचा दिवस

वेळ बदलल्यावर भिंतीपलीकडचे दिसू लागले. बाजारात दिवसभर बसणाऱ्या बायका सकाळपासून पाणी पीत नाहीत. तहान नसते म्हणून नव्हे, जायला जागा नसते म्हणून. बसथांब्यामागचे शौचालय वापरण्याजोगे नव्हते. चर्चच्या आवारात जुन्या शाळेची दोन शौचालये कुलूप लावून पडली होती. महिला मंडळाने ती रविवारी सर्व बायकांसाठी, कुठल्याही समाजाच्या, उघडायचा आग्रह धरला. ही मागणी पंचकमिटीतून आली नाही, यायला हवी होती.

पाचशे लिटरची टाकी दुपारी एकलाच कोरडी पडू लागली. दिवसाला शंभरेक जणी आणि प्रत्येकीला पाच लिटर, म्हणजे टाकी नेमकी संपणारच, आणि सांडलवंड वेगळी. साडेबाराला मोटर लावून दुसऱ्यांदा भरायची असे ठरले. वीज नसेल त्या दिवसासाठी दोन ड्रम शनिवारीच भरून ठेवायचे. सफाईचे काम पहिल्या महिन्यात न सांगता चर्चच्या शिपायाच्या बायकोवर पडले. तिने एक दिवस किल्ली आणून टेबलावर ठेवली तेव्हा ते लक्षात आले. आता रविवारी तीनशे रुपये रोजाने माणूस ठेवला आहे, वर्षाचे पंधरा हजार सहाशे. वार्षिक सभेत यावर सगळ्यात लांब वाद झाला, आणि झाला ते योग्यच होते: खर्च कायमचा असेल तर तो उघड बोलून मंजूर व्हावा.

पैशाचा मोह याच वादातून आला. आवारात बाजारच्या दिवशी सव्वाशे मोटारसायकली सहज लागतील, गाडीला दहा रुपये घेतले तर वर्षाला साठ हजारांच्या वर, असा हिशोब एका सभासदाने मांडला. पाठोपाठ बाजार ठेकेदाराने भिंतीलगतची पट्टी दुकानांसाठी मागितली, वर्षाला पन्नास हजार देऊ म्हणाला. दोन्हीला नकार दिला गेला. जमीन स्थानिक पंचकमिटीच्या नावावर नसते, ती विश्वस्त संस्थेची असते. असा व्यवहार करण्याचा अधिकारच पंचकमिटीला नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६ प्रमाणे बिगरशेती जमीन किंवा इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते. अकरा महिन्यांचा करार करू, असे सुचवले जाते, पण जमिनी जातात त्या बहुतेक अशाच करारांतून. आज पाल, उद्या पत्रा, परवा वीजजोडणी, आणि मग कोर्टाची तारीख. गाड्या मोफत लावू द्यायच्या, जागा कुणाची ठरलेली नाही, खांब रोवायचा नाही, संध्याकाळी सातला फाटक बंद, एवढेच नियम ठेवले.

त्यातही एक गोष्ट राहून गेली होती. एका रविवारी मंडळीतले आजोबा वारले. दफनभूमी बाजारतळाच्या पलीकडे. फाटकात गाड्या, रस्त्यात पथाऱ्या. शवपेटी चर्चमधून निघून वेशीपर्यंत पोचायला पाऊण तास लागला. आता फाटकासमोर चुन्याने दहा फुटांची वाट आखलेली असते आणि ठेकेदाराने ती मोकळी ठेवायचे मान्य केले आहे. त्याने ते तोंडी मान्य केले होते. सचिवांनी लेखी घेतले.

शब्बाथशाळेचे मात्र अनपेक्षित झाले. विकणाऱ्या बायकांची मुले दिवसभर टोपल्यांच्या मागे बसून असत. अकरा ते साडेबारा आवारातल्या लिंबाखाली वर्ग सुरू केला आणि नऊ मुलांची शाळा दोन महिन्यांत तिसावर गेली. नियम दोन, आणि दोन्ही मोडायचे नाहीत: मुलांजवळ कायम दोन मोठी माणसे, आणि मूल सोपवताना-नेताना वहीत सही किंवा अंगठा. मंडळीबाहेरच्या मुलांच्या आयांना वर्गात काय शिकवतात ते आधीच सांगितले. पाढे आणि वाचन सगळ्यांना, बायबलची गोष्ट ज्यांच्या घरची संमती आहे त्यांना. हे स्पष्ट ठेवले नाही तर चांगल्या कामावर संशयाचे सावट यायला एक अफवा पुरते.

वर्गणीचा काटा

घरोघर विचारताना एक कारण उशिरा बाहेर आले, तेही बायकांकडून. वार्षिक वर्गणी नाताळात एकरकमी मागितली जाई. मजुराकडे डिसेंबरात ती नसे. थकबाकीदारांची यादी वार्षिक सभेत वाचली जाई, आणि थकबाकी असलेल्याला मत नसे. दोन वर्षे नाव वाचले गेले की तिसऱ्या वर्षी ते घर बाके सोडून देई. वेळ बदलून हा काटा निघाला नसता.

वर्गणीचे बावन्न भाग केले. घराला क्रमांकाचे छोटे पाकीट, दर रविवारी जे जमेल ते, रिकामे आले तरी चालेल. पहाटेचे अर्पण दहाच्या नोटा आणि नाण्यांत येते, म्हणून मोजायला वेळ लागतो. एकमेकांचे नातेवाईक नसलेले दोघे उपासना संपताच मोजतात, दोन प्रतींत चिठ्ठी करून दोघे सह्या करतात, आणि रक्कम सोमवारी बँकेत जाते. यादी वाचणे बंद. ज्यांच्याकडून मोबाइलवरून पैसे येतात त्यांच्यासाठी क्यूआर कोड आहे, पण तो चर्चच्या खात्याचा. पूर्वी खजिनदारांच्या स्वतःच्या खात्याचा चिकटवलेला होता. लबाडी काही नव्हती, पण हिशोब तपासनिसाला ते कसे सांगणार?

कापणीच्या सणाचा लिलावही असाच सुधारावा लागला. बाजरीची पायली, कोंबडी, भोपळा, अंडी असे अर्पण येते आणि त्याची बोली लागते. एखाद्या विधवेची कोंबडी साहेब हजारांत घेतात, टाळ्या वाजतात, आणि पैसे पुढच्या सणापर्यंत येत नाहीत. आता बोली लागली की रोख, नाहीतर पंधरा दिवसांत. बोलीची रक्कम पुकारतात, पण देणाऱ्याचे नाव पुकारत नाहीत. कोंबडी कुणी दिली हे देवाला माहीत असते.

एका वर्षानंतर

पहाटेची सरासरी ५८, दहाची ६१. सत्तरची एकशे एकोणीस झाली, आणि ५५ पैकी ३८ घरांतून आता कुणी ना कुणी नियमित येते. पण एका मंडळीच्या दोन होण्याची भीतीही खरी ठरू लागली. 'पगारवाल्यांची' आणि 'मजुरांची' हे शब्द सहज वापरले जाऊ लागले तेव्हा पंचकमिटीने दोन गोष्टी केल्या. पहाटेला येणाऱ्यांतून पंचकमिटीत तीन जागा, त्यांत किमान एक बाई. आणि महिन्यात पाचवा रविवार आला की एकच उपासना, तीही सव्वासहाला. दहावाल्यांनी कुरकुर केली. पहिल्या अशा रविवारी त्यांच्यातले चाळीस आले, दुसऱ्यांदा पंचावन्न. लवकर उठण्याची तसदी एका बाजूनेच का घ्यायची, या प्रश्नाला कुणाकडे उत्तर नव्हते.

पाळकांवरचा ताण मात्र कमी झालेला नाही. सव्वासहा इथे, साडेआठला बारा किलोमीटरवरच्या वाडीत, दहाला परत इथे. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आले की दहाची उपासना अडते. चौघांना वाचन आणि प्रार्थना चालवायचे शिकवले आहे, पैकी दोघी बायका. महिन्यातून दोनदा पहाट त्यांच्याकडे असते. एकीचे प्रवचन नऊ मिनिटांत संपते, आणि लोक ते आठवडाभर सांगतात.

नोव्हेंबर ते मार्च पहाटेची हजेरी मात्र खाली येते. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि मंडळीतली अकरा घरे कारखान्यांच्या तळांवर कोप्यांत (तात्पुरत्या झोपड्यांत) राहायला जातात. पंचकमिटीने टोळ्या निघण्याआधीच्या रविवारी त्या अकरा घरांना मंडळीचे पत्र द्यायचे ठरवले आहे: कुटुंबातल्या सगळ्यांची नावे, बाप्तिस्म्याची नोंद, पाळकांचा फोन आणि कारखान्याजवळच्या मंडळीच्या पाळकांना उद्देशून चार ओळी. कोणती टोळी कुठल्या कारखान्यावर जाणार हे मुकादम उचल (आगाऊ रक्कम) देतानाच सांगतो, म्हणजे पावसाळ्यात. ते गाव आणि तिथल्या चर्चचा पत्ता ऑगस्टपर्यंत वहीत लिहून घ्यायचे काम सचिवांकडे आहे.